गरीब फंडाचं व्हाउचर

आमच्या चर्चच्या मंडळीचा खजिनदार मी होतो आणि त्याच काळात माझ्या घराचे हप्ते थकत होते. रविवारी उपासना संपली की मागच्या खोलीत आम्ही तिघं बसायचो. अर्पणाच्या थैल्या रिकाम्या करायच्या, चुरगळलेल्या नोटा सरळ करायच्या, नाण्यांच्या चळती लावायच्या, वहीत आकडा लिहून तिघांनी सह्या करायच्या. प्रत्येक कुटुंबाला दशांशाची, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा घालायची, पाकिटं दिलेली असतात, पाकिटावर नाव नसतं, नंबर असतो. कोणाचा नंबर कुठला हे फक्त खजिनदाराला माहीत. त्यामुळे माझ्या घराच्या नंबरापुढची रेघ किती महिने रिकामी आहे, हेही मंडळीत फक्त मलाच ठाऊक होतं.

आम्ही ऐरोलीत राहतो. वन बीएचके, 2014 साली अठरा लाखांचं कर्ज काढून घेतलेलं, वीस वर्षांची मुदत, हप्ता सतरा हजार चारशे. मी रबाळे एमआयडीसीत पॅकेजिंगच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. 2023 च्या मार्चमध्ये मालकांनी युनिट गुजरातला हलवलं. ज्यांना यायचं त्यांनी या, म्हणाले. माझी आई पक्षाघातानंतर अंथरुणाला, मुलगी बारावीच्या उंबरठ्यावर. मी नाही गेलो. सत्तेचाळीस वर्षांच्या स्टोअरकीपरला ठाणे-बेलापूर पट्ट्यात काय मिळतं ते त्यानंतर कळलं: गोदामात सुपरवायझर, बारा तास, पगार पूर्वीच्या निम्मा, आणि तोही "बघू, कळवतो".

त्यात व्याजदर. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 4 टक्क्यांवरून साडेसहावर नेला. आमचं कर्ज फ्लोटिंग, त्या दराबरोबर व्याज बदलणारं. हप्ता तेवढाच राहिला, म्हणून मी निर्धास्त. प्रत्यक्षात बँकेने मुदत वाढवत नेली होती. असं परस्पर करू नये, हप्ता वाढवायचा की मुदत की दर स्थिर करून घ्यायचा हे कर्जदाराला विचारावं, असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक ऑगस्ट 2023 मध्ये निघालं. तोवर माझं कर्ज मी साठीचा होईन त्याच्याही पुढे गेलेलं होतं. याखेरीज आईच्या दवाखान्यासाठी घेतलेलं पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डाचे शहाऐंशी हजार. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. वर्षाचा गुणाकार कोणी करत नाही, केला तर कार्ड वापरणार नाही.

जूनपर्यंत साठवणीतून रेटलं. जुलैत हप्ता बाउन्स झाला. एका बाउन्सला दोनदा दंड लागतो: ज्या खात्यातून पैसे जायचे ती बँकही लावते, ज्यांना मिळायचे तेही लावतात. खिशात पैसे नाहीत म्हणून पैसे भरा.

मग फोन सुरू झाले. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीवाल्यांनी फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मला तेव्हा माहीत नव्हता, आणि माहीत असता तरी "साहेब, सात वाजून दहा मिनिटं झालीत" म्हणण्याची हिंमत नव्हती. एकदा दोन मुलं थेट घरी आली. मी कामाच्या शोधात महापेला, बायको डबे पोचवायला गेलेली. दार मुलीने उघडलं. ती मुलं आत येऊन कॉटच्या बाजूला, आईच्या समोर उभी राहिली आणि मोठ्यानं बोलली. आईला बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

त्या रात्री मी रागाने बायबल उघडलं. प्रार्थना वगैरे करायची नव्हती, काहीतरी फेकून मारायला शोधत होतो म्हणा. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात एक नियम सापडला. लहानपणी संडेस्कूलला तो कुणी पाठ करून घेतलेला नव्हता. शेजाऱ्याला कर्ज दिलंस तर गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो स्वतः वस्तू बाहेर आणून देईल. त्याच अध्यायात थोडं वर, कुणाचं जातं गहाण घेऊ नये, कारण ते त्याचं पोट गहाण घेण्यासारखं आहे. मी ते दोन-तीनदा वाचलं. देव आपल्या बाजूने आहे की नाही हा माझा त्या दिवसांतला प्रश्न होता, आणि इथं तर तो उंबऱ्यावर आडवा हात लावून उभा होता. कर्ज माफ कर असं तो कुठेही म्हणत नाही. बाहेर उभा राहा, एवढंच सांगतो. मला ते खूप वाटलं.

हे सगळं मी घराबाहेर कोणाला सांगितलेलं नव्हतं. का, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

आम्ही मूळचे नगरकडचे. तिथं अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासून. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म आला तो 1899-1900 च्या दुष्काळात. पणजोबांचे आईबाप त्या दुष्काळात गेले आणि ते मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. तिथं शिकले, सुतारकाम शिकले, बाप्तिस्मा घेतला. यावर गावाने जे म्हटलं ते चार पिढ्या पुरलं: पोटासाठी बाटले. माझ्या आजीला हे वाक्य नुसतं आठवलं तरी तिचा आवाज चढायचा. म्हणून आमच्या घराचा एक अलिखित कायदा होता. चर्चला द्यायचं, चर्चकडून घ्यायचं नाही. आजोबा शिक्षक होते. पगार झाला की पहिल्यांदा दशांश बाजूला, मग किराणा. घरात तेल नसलं तरी चालेल, पण मिशनच्या दारात वाटी घेऊन कोणी उभं राहायचं नाही. विश्वासापेक्षा हा हट्टच आमच्या रक्तात जास्त उतरला असावा.

बाहेरच्या लोकांना वेगळंच वाटतं. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ मला मायेनं म्हणाले, "तुम्हाला काय, परदेशातून मिशनचे पैसे येतात ना?" ठाण्यात चर्च म्हटलं की लोकांना मासुंदा तलावाजवळचं पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन बाप्टिस्ट आठवतं, नाहीतर बिशप हेबरनी 1825 मध्ये प्रतिष्ठा केलेलं सेंट जेम्स. आमची मराठी मंडळी दर रविवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये भरते, आणि पंख्याचा रेग्युलेटर बदलायचा तर कमिटीची सभा घेते. मिशनचे पैसे! मुलीच्या फीसाठी धावपळ करताना आणखी एक गंमत परत अनुभवली. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती लिहिलं की अनुसूचित जातीचा दाखला नाही. महाराष्ट्रात आमच्यासारख्यांना ओबीसीत धरतात. पणजोबांना गावाने बसवलं ती जागा बाप्तिस्म्याने बदलली नाही, दाखला तेवढा बदलला. असो, तो विषय मोठा आहे.

ऑक्टोबरात हप्ता थकून नव्वद दिवस उलटले, म्हणजे बँकेच्या लेखी खातं एनपीए, थकीत झालं. दिवाळीच्या तोंडावर रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस आली. सरफेसी कायदा 2002, कलम 13(2). मी आतापर्यंत थकलेल्या चार हप्त्यांचा विचार करत होतो आणि कागदावर मागितले होते चौदा लाखांवर. सगळं कर्ज एकदम. साठ दिवसांत भरा, नाहीतर घराचा ताबा.

बायकोने नोटीस वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "अहो, आता खजिनदारकी सोडा. उद्या वहीत दहा रुपयांचा फरक निघाला तर लोक काय म्हणतील?" ती तेव्हा दिवाळीच्या करंज्यांच्या ऑर्डरी करत होती, हाताला मैदा. मी चिडलो. पण तिचं बरोबर होतं. पैशाला मी हात लावला नव्हता. पण रविवारी त्या टेबलावर बसलं की पाचशेच्या नोटा मोजताना माझं डोकं आपोआप हप्त्याशी गुणाकार करायचं. तसं मोजणाऱ्या माणसाने तिथं बसू नये.

त्या आठवड्यात पाळकसाहेबांकडे राजीनामा घेऊन गेलो. कारण विचारल्यावर सांगावं लागलं. "थोडी अडचण आहे" असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, "किती?" मी गोल गोल बोलत राहिलो. ते पुन्हा म्हणाले, "आकडा सांगा." तो आकडा तोंडातून काढायला मला जेवढा वेळ लागला तेवढा बायबलमधली कुठलीही कबुली द्यायला लागला नसता. घर चौदा लाख, पर्सनल लोन दोन लाख साठ हजार, कार्ड शहाऐंशी हजार. सांगून झालं. छत कोसळलं नाही. त्यांनी राजीनामा घेतला, "हिशेब स्वच्छ आहे, पण तुमच्यावर दोन वह्यांचं ओझं नको," म्हणाले, आणि विचारलं, "बँकेतल्या काकांना सांगू का? तुमची हरकत नसेल तर."

दशांश राहिल्याची टोचणी मी त्यांना बोलून दाखवली. ते हसले. "शून्याचा दहावा हिस्सा किती होतो, खजिनदारसाहेब?"

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण याच्या उलटंही मला भरपूर मिळालं होतं. नात्यातल्या एक ताई रोज एका उपदेशकाचे व्हिडिओ पाठवायच्या. हजार पेरा, शंभरपटीने कापणी होईल. पेरणी त्यांच्या खात्यात करायची, खाली क्यूआर कोड. एका घरसभेत एकजण म्हणाले की घरात काहीतरी लपलेलं पाप असल्याशिवाय असं होत नाही. बायबलमधला ईयोब सगळं गमावून बसला तेव्हा त्याचे मित्र निदान सात दिवस गप्प बसले होते, हे चहा येईपर्यंतही थांबले नाहीत. या शिकवणीबद्दल माझं मत कडक आहे. नोकरी गेलेल्या माणसाच्या शेवटच्या हजारावर ज्याचा डोळा आहे, त्याने येशूचं नाव घेऊ नये. होतं नव्हतं ते अर्पण करणाऱ्या विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट हे लोक फार रंगवून सांगतात. तिच्या अगदी आधीच, विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर येशू तुटून पडतो, ते मात्र यांच्या व्हिडिओत कधी येत नाही.

बँकेतले काका आमच्या मंडळीतले वडीलधारे. एका सरकारी बँकेतून निवृत्त. आणि काम काय करायचे? वसुली विभाग. "अरे, मी आयुष्यभर ह्याच नोटिसा पाठवल्या," असं म्हणत त्यांनी माझी नोटीस चष्म्याजवळ धरली. मग बायबल मागितलं. मला वाटलं, आता प्रार्थना. त्यांनी राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा चौथा अध्याय काढला आणि माझ्या मुलीला मोठ्याने वाचायला लावलं.

गोष्ट ओळखीची आहे. संदेष्ट्यांच्या मंडळीतला एकजण मेला, सावकार त्याच्या दोन पोरांना गुलाम म्हणून न्यायला आलाय, बायको अलीशा या संदेष्ट्याकडे धावते. अलीशा विचारतो, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणते, तेलाच्या एका बुधलीशिवाय काही नाही. मग तो सांगतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडीथोडकी नको. दार लावून घे आणि ओत. भांडी भरतात, भांडी संपल्यावर तेल थांबतं. शेवटी तो म्हणतो, तेल वीक, कर्ज फेड आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा.

"चमत्कार सोड," काका म्हणाले. "क्रम बघ. आधी घरात काय आहे ते विचारलं. मग शेजाऱ्यांकडे पाठवलं. त्या बाईला गल्लीभर भांडी मागत फिरावं लागलं, म्हणजे सगळ्या गल्लीला कळलं की हिच्यावर कर्ज आहे. मग विक्री, मग फेड, मग पोट. आता तू सांग, तुझ्या घरात काय आहे?"

आम्ही यादी केली. पीएफ साडेचार लाखांच्या आसपास. ग्रॅच्युइटी: शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून सोळा हजार, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले चौदा वर्षं, म्हणजे एक लाख एकोणतीस हजार. बायकोच्या दोन बांगड्या आणि मंगळसूत्र. मंगळसूत्राला क्रूसाचं पान आहे, काकांनी ते यादीत घेऊ दिलं नाही. डब्यांचं उत्पन्न. एवढं घरात होतं आणि मी घर जाणार म्हणून रात्री जागत होतो. का? कारण पीएफ अडकलेला होता.

त्याची वेगळीच कथा. नोकरी गेल्यावर एका महिन्याने पंचाहत्तर टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेला पीएफ काढता यायचा. मी जूनमध्येच फॉर्म 19 ऑनलाइन भरला होता. फेटाळला. आधारवर माझं नाव सॅम्युअल, कंपनीच्या नोंदीत शमुवेल. शाळेत मास्तरांनी एक लिहिलं, आधारवाल्याने दुसरं. दुरुस्तीसाठी तेव्हा संयुक्त घोषणापत्र लागायचं आणि त्याला मालकाची मंजुरी. मालक गुजरातेत. तिथला माणूस फोन उचलायचा, "हां हां, करवा देता हूं" म्हणायचा आणि विसरायचा. काकांच्या सांगण्यावरून मी तोंडी पाठपुरावा थांबवला आणि लेखी सुरू केला: ईमेल, रजिस्टर पोस्ट, पीएफच्या तक्रार पोर्टलवर नोंद, प्रत्येकाचा नंबर वहीत. महिन्याभरात मंजुरी आली. ज्यांची नोकरी अजून शाबूत आहे त्यांनी हा लेख इथेच थांबवून आधी आपल्या पीएफच्या खात्यात नाव आणि जन्मतारीख तपासावी. आणखी एक, नोकरी दहा वर्षांच्या वर झालेली असली तर पेन्शनचा भाग काढता येत नाही, तो अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन म्हणूनच येतो. मी फॉर्म 10सी भरून उगीच आशा धरली होती.

नोटिशीला उत्तर देता येतं, हे मला माहीतच नव्हतं. कलम 13(3ए). आपण लेखी निवेदन दिलं की बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं. काकांनी मसुदा केला, त्यात रडगाणं एकही नाही. नोकरी कधी गेली, पीएफचा दावा कुठल्या टप्प्यावर आहे, थकबाकी किती, ती कुठल्या महिन्यात आणि कशातून भरणार, पुढचे हप्ते कशातून. सोबत कागद. त्यांनी एक गोष्ट बजावली: "एकदा खातं एनपीए झालं की एखाद-दुसरा हप्ता भरून ते सुधारत नाही. सगळी थकबाकी एकदम भरली तरच ते पुन्हा नियमित होतं. त्यामुळे पाच-पाच हजार भरून समाधान मानू नकोस. गोळा कर आणि एकरकमी भर."

आम्ही दोघं शाखेत गेलो. मॅनेजर तरुण होता, वाईट नव्हता. काकांनी ओळख दाखवली नाही, मागे खुर्चीत बसून राहिले. मी बोललो. थकबाकी आली तर पुढची कारवाई थांबवू आणि खातं नियमित करू, हे त्यांनी लेखी दिलं. लेखी द्यायला काचकूच झाली, पण मी उठलो नाही.

आता गरीब फंडाकडे येतो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत सगळ्यांना भाकर वाटतात त्या, रविवारी आमच्याकडे दुसरी थैली फिरते. ते पैसे पगाराला, भाड्याला वापरायचे नाहीत, फक्त अडचणीतल्या कुटुंबांसाठी. मदत दिली की व्हाउचर बनतं. वार्षिक अहवालात नावं नसतात, "गरीब फंड, वैद्यकीय", "गरीब फंड, शिक्षण" अशा ओळी. अशी कित्येक व्हाउचरं मी बनवली होती. बनवताना, आज खोटं कशाला बोलू, मनात एक पायरी असायची. मी वरच्या पायरीवर, ते खालच्या. प्रेमानेच द्यायचो, पण पायरी होती.

पीएफ येईपर्यंतचे दोन-तीन महिने घरात रोख काहीच नव्हतं. डब्यांचे पैसे आईच्या औषधात जायचे. मुलीची परीक्षा फी, वीजबिल, किराणा. काकांनी कमिटीत माझं नाव ठेवलं आणि मला सांगितलं. मी नाही म्हणालो. पणजोबा, आजी, पोटासाठी बाटले, सगळं बाहेर आलं. काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुझे पणजोबा भाकर खाऊनच जगले ना? ते जगले म्हणून तू आहेस. ती भाकर कोणी दिली याची तुला लाज वाटते, की त्यांना ती लागली याची?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नीट देता येत नाही. पण त्या रात्री पहिल्यांदा मला पणजोबा एक पोरगं म्हणून दिसले. आठ-नऊ वर्षांचं, भुकेलं, ज्याला कोणीतरी भाकर दिली आणि मग नावही विचारलं. गावाने चार पिढ्या त्या भाकरीची टवाळी केली आणि आम्ही चार पिढ्या ती टवाळी खरी नाही हे सिद्ध करत बसलो. दशांश वेळेवर, मदत शून्य. जेवायला बोलावणाऱ्याकडे जाऊन "आम्ही घरून खाऊन आलोय" म्हणावं, तसा आमचा देवाशी व्यवहार चाललेला. प्रभुभोजनाला मात्र मी वर्षानुवर्षं रांगेत उभं राहून हात पुढे केलेलेच होते. तिथं कोणी पैसे देऊन भाकर घेत नाही.

व्हाउचरवर सही घेणारा नवीन खजिनदार माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. बारा हजार. तोच जास्त संकोचला, पेन सापडेना. मी माझं दिलं.

प्रार्थनेबद्दल विचाराल तर त्या महिन्यांत मला प्रार्थना जमत नव्हती. बायको रात्री मोठ्यानं करायची, मी डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत बसायचो. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" एवढं तिच्याबरोबर पुटपुटायचो, कारण ते पाठ होतं. 2034 पर्यंतचा, मग 2037 पर्यंतचा हिशेब डोक्यात फिरत असताना फक्त आजचं मागायचं, हे मला आधी बालिश वाटायचं. नंतर तेवढंच पेलायला लागलं.

डिसेंबरात, नाताळच्या आधी, पीएफ आला. थकबाकी दंड धरून एक लाख अकरा हजारांच्या आसपास झाली होती. ती एकरकमी भरली, पावती घेतली, खातं नियमित झाल्याचं पत्र घेतलं. मग कार्ड. त्यांच्याकडून "चाळीस हजारांत सेटल करून टाका" असे गोड फोन येत होते. काकांनी अडवलं. सेटल केलं की सिबिलच्या नोंदीत "सेटल्ड" राहतं, पूर्ण भरलं की "क्लोज्ड", आणि पुढचा कर्ज देणारा दोघांत फरक करतो. पूर्ण भरलं. उरलेल्यातून पर्सनल लोनचा मोठा भाग. बांगड्या राहिल्या. त्या नाताळला बायकोने चाळीसेक घरांच्या करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांच्या ऑर्डरी केल्या. त्यातली निम्मी घरं हिंदू होती, दिवाळीत चव घेतलेली.

आई जानेवारीत गेली. तिला घर वाचल्याचं सांगितलं होतं, कळलं असावं. ती मुलं कॉटजवळ उभी राहून जे बोलली ते तिच्या कानात शेवटपर्यंत राहिलं असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्यावर मी देवाशी अजून भांडतो. ते भांडण मिटलंय असं सांगून मला कोणाला खूश करायचं नाही.

मला मार्चमध्ये महाप्यात एका गोदामात काम लागलं. पगार पूर्वीच्या दोन तृतीयांश. ग्रॅच्युइटी कायद्याने तीस दिवसांत द्यायची असते, ती वर्ष उलटल्यावर आली, तीही लेखी पाठपुराव्यानेच. हप्ता चालू आहे. बायकोचे डबे आता ऐरोलीतल्या आयटीवाल्या पोरांकडे जातात आणि काही महिन्यांत तिची कमाई माझ्याहून जास्त असते.

पाळकसाहेबांनी मला मंडळीसमोर आपल्या अनुभवाची साक्ष द्यायला सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "देवाने घर वाचवलं, टाळ्या, हालेलुया, असलं काही बोलायचं नाही. मी तळलेल्या करंज्यांचा हिशेब पण सांगायचा." मला पटलं. घर न वाचलेलं एक कुटुंब त्याच हॉलमध्ये मागून तिसऱ्या रांगेत बसतं, त्यांची प्रार्थना आमच्याहून कमी नव्हती. म्हणून मी कागदावर लिहून नेलं आणि आकडे वाचले. किती कर्ज, किती थकबाकी, गरीब फंडातून बारा हजार, कोणत्या कलमाखाली काय उत्तर दिलं. गरीब फंडाचा आकडा वाचला तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या जरा करकरल्या. आमच्याकडे कोणी स्वतःहून ते सांगत नाही. खाली येऊन बसलो तर काका कुजबुजले, "महागाई भत्ता सांगायचा विसरलास."

उपासना सुटल्यावर चपला घालत असताना एक माणूस जवळ आला. मंडळीत तीन-चार वर्षांपासून आहे, कळव्याला राहतो, आजवर जय ख्रिस्तपलीकडे बोलणं नाही. इकडेतिकडे बघत त्याने विचारलं, "ते संयुक्त घोषणापत्र म्हणालात, त्याचा फॉर्म कुठं मिळतो?" मी विचारलं, किती महिने झाले काम सुटून? तो म्हणाला, सात. मी त्याला संध्याकाळी घरी बोलावलं. येताना आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि बायकोलाही घेऊन ये म्हटलं, काकांना मी फोन करतो.